हरलेल्या गाडीचं मॉडेल कोण बनवतं?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. आजचा विषय आहे जुन्या रेसिंग गाड्यांची रेझिन मॉडेल्स. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो: "दारं उघडत नाहीत, मग एवढी महाग का?"

गोष्ट १९७१ च्या ल माँ शर्यतीपासून सुरू करू. फ्रान्समधली ही २४ तासांची शर्यत. त्या वर्षी पोर्शेने ९१७/२० नावाची एक गाडी उतरवली. अशी गाडी एकच बांधली होती. अंगाने रुंद, रंगाने गुलाबी, आणि वर खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यासारख्या तुटक रेषा, प्रत्येक भागावर मांसाच्या तुकड्याचं जर्मन नाव! लोक तिला 'गुलाबी डुक्कर' म्हणू लागले. अपघात होऊन ती शर्यतीतून बाद झाली. जिंकली ती मार्टिनीच्या रंगातली २२ नंबरची पोर्शे ९१७.

आता विचार करा, हरलेल्या गाडीचं मॉडेल कोण काढणार? इथेच रेझिन येतं.

आपण लहानपणी खेळलो त्या डाय-कास्ट गाड्या. त्यात जस्ताचा वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने भरतात. हा साचा प्रचंड महाग. तो खर्च वसूल करायला एकाच आकाराच्या हजारो गाड्या विकाव्या लागतात, म्हणून कंपन्या शक्यतो प्रसिद्ध गाड्याच निवडतात.

रेझिनचं गणित उलटं. आधी एक मास्टर मॉडेल बनतं, हल्ली बऱ्याचदा थ्रीडी प्रिंटरवर. त्याभोवती सिलिकॉन ओतून साचा करतात. दोन द्रव मिसळून साच्यात ओतले की पॉलियुरेथेन घट्ट होतं. साचा स्वस्त, पण लवकर झिजतो. काही डझन नग काढले की नवा करायचा. शिवाय रंग, स्टिकर, बारीक धातूचे भाग, यातलं बरंचसं काम हाताने होतं. म्हणजे सुरुवातीचा खर्च कमी, पण प्रत्येक नगामागे मेहनत जास्त. म्हणूनच शंभर-दोनशे ग्राहक असलेली गाडीसुद्धा काढणं परवडतं, आणि म्हणूनच ती महाग पडते.

आणि दारांचं काय? १:४३ हे या छंदातलं लोकप्रिय माप. ४.३ मीटरची गाडी १० सेंटीमीटरची होते. आता मॉडेलच्या दाराभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या गाडीवर ती दोन सेंटीमीटरहून मोठी दिसेल! खऱ्या गाडीचा पत्रा त्या मापात एवढा पातळ होईल की तो बनवताच येणार नाही. म्हणून रेझिनवाले दार बंदच ठेवतात आणि आकार अचूक पकडतात. ती कंजुषी नाही, तडजोड आहे.

घेताना तीन गोष्टी बघा. एक, ही नेमकी कुठल्या शर्यतीतली गाडी आहे? नंबर, रंग, ड्रायव्हरची नावं त्या वर्षाच्या फोटोशी ताडून पाहा. १९७० ला ल माँ जिंकलेल्या पोर्शेचा नंबर २३, आणि गुलाबी डुक्कराचाही २३च! दोन, गाडी कधीही आरसा किंवा विंग धरून उचलू नका. माझ्या पहिल्या मॉडेलचा आरसा असाच माझ्या बोटात राहिला. तीन, खिडकीत ठेवू नका. मे महिन्याच्या उन्हात रेझिन मऊ पडून वाकू शकतं आणि रंगही उडतो.

खरं सांगू? विजेत्यांचं नाव पुस्तकात राहतंच. पण बाकीच्यांनीही रात्रभर गाडी पळवलेली असते, मेकॅनिक जागलेले असतात. त्यांची आठवण कपाटात दहा सेंटीमीटर जागा मागते, एवढंच.

तुम्ही कुठली हरलेली गाडी ठेवाल? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. भेटूच!