भाकरी तुटते, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही!

महिनाअखेर आलीय, पार्सल मागवून खिसा रिकामा झालाय आणि पोटही कुरकुरतंय? मग आजचा भाग तुमच्यासाठीच. ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी.

रूमवर राहायला गेल्यावर मी पहिली भाकरी थापली, तर तव्यावर टाकतानाच तिचे तीन तुकडे झाले. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिने एवढंच विचारलं, "पीठ कधीचं आहे रे?" दोन महिन्यांपूर्वीचं होतं. "मग विरी गेलीय त्याची!" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा.

आता यामागचं कारण बघू. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. मग भाकरी धरून कोण ठेवतं? उकळतं पाणी! त्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो. म्हणून दोन गोष्टी पाळा: पंधरा दिवस पुरेल एवढंच पीठ दळून आणा आणि पाणी उकळतंच घ्या.

एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी आणि चिमूटभर मीठ. चमच्याने ढवळून पाच मिनिटं झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं कोमट झालं की एका भाकरीपुरता गोळा घेऊन तळव्याने भरपूर मळा. इथे घाई केली की कडा फाटल्याच म्हणून समजा. थापता येत नाही? खाली पीठ भुरभुरवून हलक्या हाताने लाटा, कुणी रागावणार नाही!

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा, म्हणजे ती कोरडी पडून तडकत नाही. पाणी सुकत आलं की उलटा. ती बाजू भाजली की पहिली बाजू थेट आचेवर धरा. इंडक्शन असेल तर तव्यावरच स्वच्छ कापडाने हलकं दाबा. आतली वाफ भाकरी फुगवते.

भाजी त्याहून सोपी. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजवा. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. मग डाळ आणि चिरलेली मेथी. मीठ शेवटी घाला, कारण पालेभाजी शिजून एवढीशी होते आणि आधी घातलेलं मीठ हमखास जास्त होतं.

१०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तेवढेच तंतू असतात. तंतूंचा बराच भाग कोंड्यात असतो, त्यामुळे पीठ चाळून कोंडा फेकू नका. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, रात्री अकराला पुन्हा ॲप उघडावं लागत नाही.

पहिली भाकरी नकाशासारखी होईल. होऊ दे. तुटलीच तर भाजीत कुस्करून खा. चौथ्या-पाचव्या दिवशी ती फुगेल ना, तेव्हा आईला व्हिडिओ कॉल नक्की लावा!