अन्नाची चिठ्ठी

अमेरिकेतील गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांच्या आरोग्यात जी तफावत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली, तिचे मूळ वंशात आणि रक्तात शोधण्याची खोड तेथील विद्वानांना दीर्घकाळ जडलेली होती. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने मात्र फिलाडेल्फियातील एका वस्तीत घरोघर फिरून केलेली पाहणी १८९९ साली प्रसिद्ध केली आणि कोंदट घरे, निकृष्ट पाणी व तुटपुंजी मजुरी यांकडे निर्देश केला. इतके स्पष्ट निदान हाती असूनही १९८५ साली अमेरिकेच्या आरोग्यखात्यास आपल्याच अहवालात नमूद करावे लागले की, कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांत दरसाल सुमारे ६०,००० मृत्यू असे घडतात, जे गोऱ्यांइतके आरोग्य त्यांच्या वाट्याला आले असते तर घडलेच नसते.

या दोन सालांच्या दरम्यान मिसिसिपी राज्यात जे घडले, ते मला कोणत्याही अहवालाहून मोलाचे वाटते. मुक्त झालेल्या गुलामांनी १८८७ साली वसविलेल्या माउंड बायू या गावी १९६७ साली जॅक गायगर या डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारी अनुदानातून एक आरोग्यकेंद्र उघडले. कापूसवेचणीची यंत्रे आणि तणनाशके आल्यामुळे भोवतालच्या मळ्यांवरील मजुरांचे काम सुटले होते, आणि उपासमारीने खंगलेली, जुलाबाने वारंवार आजारी पडणारी मुले केंद्राच्या दारी येत होती. तेव्हा डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस असे जिन्नस लिहून देण्यास आरंभ केला. गावच्या किराणा दुकानदाराने ते द्यावेत आणि हिशेब केंद्राच्या औषधखात्यावर टाकावा, असा करार ठरला. ही वार्ता वरिष्ठ दप्तरी पोहोचताच, औषधांसाठी मंजूर झालेली रक्कम किराण्यावर खर्ची घालण्याचा अधिकार कोणी दिला, असा जाब विचारला गेला. वैद्यकाच्या ग्रंथांत कुपोषणावरचा उपचार म्हणून अन्नच सांगितले आहे, एवढेच गायगरने उत्तर दिले, आणि चिठ्ठ्या चालू राहिल्या.

परंतु चिठ्ठी हे दान होते, आणि दानावर गाव किती दिवस जगणार? जॉन हॅच हा संघटक खेड्याखेड्यांतून बैठका भरवून लोकांस त्यांची निकड विचारीत असे, आणि लोक डॉक्टराच्या आधी अन्न, पाणी व रोजगार यांची नावे घेत. त्यातून विहिरी खोदल्या गेल्या, शौचकूप बांधले गेले, आणि सुमारे हजार कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी शेती उभारली. आजवर परक्याचा कापूस वेचणारे हात आपल्या पोरांसाठी घेवडा, रताळी आणि पालेभाज्या पिकवू लागले. गोरगरिबांसाठी चालविलेली अशी आरोग्यकेंद्रे आज अमेरिकेत तेराशेंहून अधिक आहेत.

तरीही केंद्र उघडले म्हणजे लोक त्याच्या पायऱ्या चढतीलच असे नाही. अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी डॉक्टरांनी उपदंश झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरदेखील, केवळ रोगाची वाटचाल न्याहाळण्यासाठी उपचाराविना ठेवले. ज्यांच्या वाडवडिलांशी असे वर्तन झाले, त्यांनी इस्पितळाविषयी साशंक असावे यात अज्ञान मुळीच नाही. तो अनुभवाने शिकविलेला शहाणपणा आहे, आणि त्याला हसणाऱ्या डॉक्टराने आधी तो इतिहास वाचावा.

म्हणूनच लॉस एंजेलिसमध्ये डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी केलेला प्रयोग, ज्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, मला विशेष आश्वासक वाटतो. कृष्णवर्णीय पुरुष केस कापण्यासाठी वर्षानुवर्षे एकाच दुकानात जातात आणि तेथे मनातले बोलतात, हे ओळखून त्यांनी ५२ केशकर्तनालयांतील, रक्तदाब चढलेल्या ३१९ गिऱ्हाइकांची निवड केली. काही दुकानांत केवळ न्हाव्याने आहार सांभाळण्याचा व डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्या दुकानांत त्या सल्ल्याबरोबरच औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसू लागला, तेथेच दाब मोजू लागला आणि डॉक्टरांशी झालेल्या करारान्वये औषधही ठरवू लागला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा दाब सरासरी ९ अंकांनी उतरला होता, दुसऱ्याचा २७ अंकांनी. विश्वास दोन्हीकडे होता. दुसरीकडे त्याच्या जोडीला औषधही दुकानाच्या दारापर्यंत चालत आले होते.