वय साठवावे की जन्मतारीख?

विद्यार्थ्यांची माहिती संगणकात भरताना आपण जन्मतारीख नोंदवतो, वय नोंदवत नाही. जन्मतारीख कायम असते. वय आकडेमोडीने काढावे लागते आणि ते बदलत राहते.

समजा, जिल्ह्यातल्या एक लाख नोंदींमधून १४ वर्षे पूर्ण झालेली मुले निवडायची आहेत. ‘वय १४ किंवा अधिक’ असे विचारले, तर संगणक प्रत्येक नोंद उघडून वय काढत बसतो. तोच प्रश्न उलटा करू. आजच्या तारखेतून १४ वर्षे वजा करू आणि त्या दिवशी किंवा त्याआधी जन्मलेली मुले मागू. आकडेमोड एकदाच होते. जन्मतारखांची क्रमवार सूची तयार असेल, तर दर वेळी निम्मा भाग वगळत जास्तीत जास्त १७ पायऱ्यांत नेमकी जागा सापडते. कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२, म्हणजे लाखाहून मोठा आहे.

टक्केवारीचे तसे नाही. ती त्या नोंदीतल्या गुणांवरूनच निघते, म्हणून साठवता येते. असा रकाना आपोआप भरण्याची सोय ‘मायएसक्यूएल’मध्ये २०१५ साली, तर ‘पोस्टग्रेस’मध्ये २०१९ साली आली. वय मात्र त्यात बसत नाही, कारण ‘आज’ ही गोष्ट नोंदीत नसते.

एक दक्षता मात्र हवी. वेबपानावर एका वेळी २० नावे दिसतात. आधी टक्केवारी, मग सर्व नोंदींचा क्रम आणि शेवटी पाने, असेच करावे. समोरच्या २० नावांचाच क्रम लावला, तर खरा पहिला विद्यार्थी कदाचित चौथ्या पानावर राहून जाईल.