रहस्यपटाचं पहिलं दृश्य

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात काढलेल्या 'सैरंध्री'त (१९२०) कीचकवध इतका खराखुरा वाटला, की ते दृश्य कापावं लागलं. रहस्यपट सुरू करताना मात्र वध झाकावा आणि खूण दाखवावी.

समजा, करवीर तालुक्यातलं गुऱ्हाळ. पहाटेचे चार. चुलवाण धडधडून पेटलंय, काहिलीतला रस फुगून काठाशी आलाय, पण गूळ करणारा गुळव्या जागेवर नाही. खाली एकच कापशी पायताण. अंधारात तसल्याच पायताणाची करकर ऐकू येते, लांब जाणारी. ती एका पायाची की दोन्ही पायांची? प्रेक्षक कान टवकारतो. रस उतू जायला लागतो आणि कुणीतरी धावत यावं असं त्याला खुर्चीतच वाटू लागतं. माझ्या मते इथेच थांबावं. प्रेत दाखवायची घाई नको, पार्श्वसंगीत तर नकोच.

या दृश्यातून प्रेक्षकाला पडणारा प्रश्न एका वाक्यात मावणारा हवा. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) तो मावतो: बायको तर वारली, मग हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी ही आरोपी कोण? आपल्या गुऱ्हाळातही तसंच: ऐन उकळीला गुळव्या काहील सोडून गेलाच कसा?