घरांतील जुनीं आसनें : निवड आणि पारख



घरीं पाहुणा आला म्हणजे आपण त्याला प्रथम 'बसा' असें म्हणतों. पाणी, चहा, कुशलप्रश्न हें सारें त्यानंतरचें. परंतु ज्यावर त्याला बसवावयाचें त्या वस्तूचा विचार मात्र आपण फारच थोडा करतों. अलीकडे पिंपरी, चिंचवड, मोशी, चाकण या भागांतील उंच इमारतींतून नवे संसार मांडले जात आहेत, आणि एखादी वेताची आरामखुर्ची, एखादा झोपाळा, एखादें सागवानी बाक असें जुनें आसन आपल्या घरांत असावें अशी हौस पुष्कळांना वाटूं लागली आहे. हौस चांगलीच आहे. पण 'जुनें तें सोनें' एवढ्याच म्हणीवर भिस्त ठेवून बाजारांत गेलेला मनुष्य कित्येकदां पितळ घेऊन परततो. यासाठीं जुनें आसन कसें पारखावें याविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

खुर्ची हा आपला मूळचा आसनप्रकार नव्हे; तो शब्दहि अरबी 'कुर्सी'वरून आलेला आहे. आपल्या वाड्यांतून बसावयास पाट असे, चौरंग असे, लोड-तक्क्यांची बैठक असे आणि झोपाळा असे. खुर्ची आपल्याकडे रुळली ती कचेरी, शाळा, आगगाडीचें स्टेशन आणि हॉटेल या वाटांनीं. त्यामुळें आज जुन्या सामानाच्या दुकानांत जीं आसनें दिसतात, त्यांचीं ढोबळ मानानें चार कुळें सांगतां येतील.

पहिलें कूळ लांब हातांच्या आरामखुर्चीचें. बंगल्याच्या व्हरांड्यांत पाय हातांवर टाकून पडावयाची ही खुर्ची. चौकट सागाची किंवा शिसवाची, आणि बैठक वेताची.

दुसरें कूळ इराणी हॉटेलांतील गोल बैठकीच्या, वांकविलेल्या पाठीच्या खुर्चीचें. हिचा मूळपुरुष व्हिएन्नाचा कारखानदार मिखाएल थोनेट. बीच नांवाच्या झाडाचें लांकूड वाफेवर मऊ करून तें सांच्यांत वांकविण्याची युक्ति त्यानें साधली आणि १८५९ सालीं आपली १४ नंबरची खुर्ची बाजारांत आणली. सहा लांकडें, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा प्रपंच. एक घनमीटर मापाच्या खोक्यांत अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. म्हणूनच ती समुद्र ओलांडून जगभर जाऊं शकली.

तिसरें कूळ कचेरीच्या खुर्चीचें. याला कोणी प्रतिष्ठा देत नाहीं. पण चंदीगडची हकीकत ऐकण्यासारखी आहे. तें शहर वसवितांना १९५०च्या दशकांत पिएर झानरे या स्विस वास्तुशिल्पज्ञानें सरकारी कचेऱ्यांसाठीं सागाच्या आणि वेताच्या साध्या खुर्च्या योजिल्या. पुढें त्या मोडक्या म्हणून भंगाराच्या भावानें विकल्या गेल्या, आणि त्याच परदेशांतील लिलावांत लाखों रुपयांना जाऊं लागल्या. अखेर २०११ सालीं केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीस आळा घालावा लागला. आपल्याकडेहि १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पुढें सारा पट्टाच कारखान्यांनीं भरून गेला. अशा ठिकाणच्या कचेऱ्यांतून निकालांत निघालेली भक्कम सागवानी खुर्ची कोठें मिळाली, तर तिच्याकडे पाठ फिरवूं नये.

चौथें कूळ आपल्या झोपाळ्याचें. त्याविषयीं पुढें सांगतों.

आतां पारख. प्रथम खुर्ची उलटी करून पाहावी. दर्शनी बाजू विकणाऱ्याची असते, खालची बाजू खरेपणाची. चांगल्या जुन्या कामांत एका लांकडाचें टोक घडून तें दुसऱ्याच्या खांचेंत बसविलेलें असतें, आणि सांधा सरसानें व लांकडी खुंटीनें पक्का केलेला असतो. नुसत्या खिळ्यांवर तोललेली खुर्ची जुनी असली तरी निकस समजावी. स्क्रूचें डोकेंहि बोलकें असतें. ज्याच्या डोक्यावर फुलीची खांच असते तो स्क्रू १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. तेव्हां 'शंभर वर्षांची' म्हणून पुढें केलेल्या खुर्चींत असे स्क्रू दिसले, तर एक तर ती मागाहून दुरुस्त झालेली आहे, किंवा तिचें वय फुगविलेलें आहे.

दुसरी खूण झिजेची. जेथें माणसाचा हात, पाय, पाठ लागते तेथेंच लांकूड झिजतें : हातांच्या टोकांशीं, पुढच्या आडव्या दांडीवर, पाठीच्या वरच्या कडेला. सर्वत्र सारखीच झीज दिसली तर ती काळाची नव्हे, पॉलिशकागदाची समजावी.

तिसरी गोष्ट लांकडाची. सागाचें एक घनफूट लांकूड सुमारें १८ किलो भरतें, शिसवाचें सुमारें २४, आणि पाइनचें १३-१४. आपल्या औद्योगिक पट्ट्यांत परदेशांतून येणारीं यंत्रें पुष्कळदां पाइनच्या खोक्यांतून येतात. हें लांकूड वाईट नव्हे. पण त्याला गडद रंग देऊन तें साग म्हणून विकलें, तर ती फसवणूक होय. खुर्ची एका हातानें उचलून पाहावी, आणि खालच्या कोऱ्या भागावर नखानें दाबावें. पाइनवर वळ सहज उमटतो. खोक्याच्या फळीवर कधीं कधीं छाप आढळतो. 'एच. टी.' याचा अर्थ लांकूड तापवून किडीपासून मुक्त केलेलें आहे, आणि 'एम. बी.' याचा अर्थ त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे. दुसऱ्या छापाच्या लांकडाचें आसन घरांत न आणणें बरें.

चौथी गोष्ट किडीची. पांढऱ्या कागदावर खुर्चीचा पाय दोनचारदां आपटावा. ताजी भुकटी पडली, तर कीड अजून आंत जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाहीं. बीचच्या लांकडाला मात्र ती लवकर लागते. म्हणून हॉटेलची खुर्ची घेतांना ही परीक्षा चुकवूं नये. पांचवी गोष्ट वेताची. चौकटीला कडेनें भोंकें पाडून एकेक धागा ओंवलेला असेल, तर तें हातविणकाम. खोबणींत दाबून बसविलेली तयार जाळी निराळी. दोन्ही नव्यानें बसवितां येतात. परंतु दोन भोंकांमधलें लांकूड चिरलेलें असेल तर काम अवघड होतें. सैल पडलेल्या वेताला खालच्या बाजूनें कोमट पाण्याचा हात लावून तो वाळूं द्यावा, म्हणजे पुष्कळदां तो पुन्हां ताणून बसतो.

लांकूड, सांधे, वेत या सर्वांहून मोठी परीक्षा राहिली, ती बसणाऱ्याच्या देहाची. माझें आयुष्य शाळेंतील लांकडी खुर्चीवर गेलें, त्यामुळें हें मी थोड्या अधिकारानें सांगूं शकतों. खुर्चीवर बसलें असतां दोन्ही पाउलें जमिनीवर सपाट टेकावीं आणि गुडघे काटकोनांत यावेत. त्यासाठीं बैठक बहुधा १६ ते १८ इंच उंच लागते. आरामखुर्ची याहून ठेंगणी आणि मागें उतरती असते. ती तरुणाला सुखाची. पण ज्याचे गुडघे दुखतात त्या वृद्धाला तींतून उठतांना दुसऱ्याचा हात मागावा लागतो. घरांतील आजोबांसाठीं म्हणून हौसेनें घेतलेली खुर्ची अशा रीतीनें त्यांचें स्वातंत्र्यच हिरावून घेते. याकरितां ज्याच्यासाठीं आसन घ्यावयाचें त्याला दुकानांत बरोबर न्यावें, दहा मिनिटें बसवावें, आणि हात न देतां उठावयास सांगावें. खुर्चीचे हात पुढपर्यंत आलेले व बळकट असले, तर उठणें सोपें जातें. त्याचबरोबर लिफ्टचें दार आणि जिन्याचें वळण घरूनच मोजून न्यावें.

झोपाळ्याला वेगळा नियम. वाड्यांत तो तुळईला टांगलेला असे. सिमेंटच्या छताला आपल्या मतानें कडी ठोकूं नये. इमारतीच्या इंजिनियरला विचारावें, नाहीं तर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या चौकटींत तो टांगावा. जुन्या कड्या पाहतांना पितळेची चकाकी न पाहतां कडींत कडी घासते ती जागा पाहावी. तेथें धातु पातळ झालेली असेल तर ती कडी बदलावी.

परदेशीं असलेल्या मुलाला आजीचा झोपाळा पाठवावयाचा असेल, तर एक कायदा ध्यानांत ठेवावा. १९७२च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यान्वयें शंभर वर्षें वा त्याहून जुनी कारागिरीची वस्तु खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेतां येत नाहीं. वयाविषयीं शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून ती वस्तु पुरातन नसल्याचें प्रमाणपत्र आधीं घ्यावें.

आतां एकच गोष्ट सांगावयाची राहिली. चिखलीजवळच्या कुदळवाडींत भंगाराच्या आणि जुन्या सामानाच्या धंद्याची मोठी वस्ती होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें तेथील हजारों बांधकामें पाडलीं. तिकडे गांवठाणांतील जुनीं घरेंहि एकामागून एक पडत आहेत. घर पडतें तेव्हां त्यांतील बाकें व खुर्च्या कित्येकदां सरपणाच्या भावानें निघून जातात. म्हणून बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्याच घरचा माळा, गांवाकडची पडवी, मामाकडची अडगळीची खोली एकदां पाहून घ्यावी. सरसाचा सांधा ऊन पाण्यानें सोडवून पुन्हां जुळवितां येतो, लाखेचें पॉलिश स्पिरिटानें उतरवून नवें चढवितां येतें, वेत पुन्हां विणतां येतो. ज्याची दुरुस्ती होऊं शकते तेंच आसन जुनें होण्यास पात्र असतें. बाकीचीं नुसतीं मोडतात. आसन निवडतांना त्याचें वय शेवटीं विचारावें; तें दुरुस्त होईल काय आणि आपल्या घरच्या माणसाला त्यावरून सुखानें उठतां येईल काय, हे दोन प्रश्न आधीं विचारावे.