नववधूची रंगभूषा : आगाऊ रक्कम देण्यापूर्वी

चातुर्मास संपतो आणि घरोघरी विवाहाच्या तिथी ठरू लागतात. कार्यालय, आचारी यांच्या पाठोपाठ मेकअप आर्टिस्टची निवड येते. ती बहुधा मोबाइलवरील छायाचित्रे पाहून होते. तेवढ्यावर विसंबू नये.

सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावे म्हणून आपल्याकडे अनेक विवाह दिवसा लागतात. रात्रीच्या दिव्यांत खुलणारी रंगभूषा उन्हात पांढुरकी दिसू शकते. म्हणून चाचणी मेकअप दिवसाच करून घ्यावा आणि चेहरा खिडकीच्या उजेडात पाहावा. त्वचा नाजूक असल्यास प्रसाधने काही दिवस आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावीत.

पुढचा प्रश्न अधिक मोलाचा. काही लिपस्टिकमधला तांबडा रंग कार्माइनचा असतो. तो कोचिनील नावाचे कीटक वाळवून, कुटून काढतात. वेष्टनावर त्याची खूण 'सी.आय. ७५४७०' अशी असते. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना बंदी आहे. परंतु घटकांचा प्रश्न तिने सुटत नाही. ताटातील जीवहिंसा कटाक्षाने टाळणाऱ्या घरातील कन्येच्या ओठांवर ती नकळत चढू नये. मधमाश्यांचे मेण आणि ब्रशचे केस यांविषयीही विचारावे. हवी ती लिपस्टिक स्वतः आणून देणे हा सोपा मार्ग आहे.

आगाऊ रक्कम देताना तारीख, पोहोचण्याची वेळ, किती जणींची तयारी, प्रवासखर्च आणि परताव्याची अट लेखी घ्यावी. स्वतः येणार की सहायिकेस पाठविणार, हेही विचारावे. संकोच आजच सोडावा. लग्नाच्या सकाळी विचारून काही बदलता येत नाही.