डेटाबेसमधला आकडा आणि कोडमधला आकडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. बारामती-इंदापूर पट्ट्यात वर्षभराचा हिशेब या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर ठरतो. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने ऊसनोंदीचं वेब ॲप्लिकेशन करायला घेतलं, तर वजन, जमीन, पैसे आणि तारखा हे चारही प्रकार त्याच्यासमोर येतात. डेटाबेसमधून ते वाचताना त्यांचा डेटा टाइप टिकतो का, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : कॉलम अंकाचा असला की कोडमध्येही अंकच येतो.
वस्तुस्थिती : तसं होईलच असं नाही. पीएचपीत मायएसक्यूएलआयची साधी क्वेरी पूर्णांकसुद्धा स्ट्रिंग म्हणूनच देते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट मात्र पूर्णांकाचा मूळ टाइप राखतं. पीडीओमध्ये पूर्णांक आपोआप पूर्णांक म्हणून यायला 2021 मधली पीएचपी 8.1 आवृत्ती यावी लागली. डेसिमल कॉलम आजही स्ट्रिंग म्हणूनच येतो. दोन खेपांची वजनं 18.450 आणि 17.920 टन असतील आणि ती स्ट्रिंग म्हणूनच ब्राउझरपर्यंत पोचली, तर जावास्क्रिप्टमधल्या बेरजेचं उत्तर 36.370 येत नाही, ‘18.45017.920’ येतं. वजनाप्रमाणे यादी लावली, तर 2.950 टनांची बैलगाडी 18.450 टनांच्या ट्रॅक्टरपेक्षा जड ठरते.

गैरसमज : मग सरसकट सगळ्याचे अंक करून टाकावेत.
वस्तुस्थिती : ज्यावर गणित करायचं नाही, तो अंक नव्हेच. बारामतीचा एसटीडी कोड 02112 पूर्णांकात टाकला की 2112 उरतो. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकाचंही तेच. पैशाचे डेसिमल स्ट्रिंग म्हणून येतात, यालाही कारण आहे. फ्लोटमध्ये 0.1 अधिक 0.2 म्हणजे 0.30000000000000004 होतात. म्हणून ऊसबिलाची बेरीज एसक्यूएलमध्येच करा किंवा रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा.

गैरसमज : बाकी शून्य असेल, तर ‘इफ’ची अट आपोआप खोटी ठरते.
वस्तुस्थिती : पीएचपीत ‘0’ ही स्ट्रिंग खोटी, पण ‘0.00’ ही स्ट्रिंग खरी मानली जाते. सोसायटीचं कर्ज पूर्ण फेडलेल्या सभासदाच्या नावापुढे अशा अटीमुळे ‘बाकी आहे’ असं झळकेल. तुलना नेहमी स्पष्टपणे, अंकाशी करा.

गैरसमज : तारीख ही तारीखच असते, तिला काय होणार?
वस्तुस्थिती : आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख असलेली माणसं गावोगाव भेटतात. नोडमधली मायएसक्यूएल लायब्ररी ती तारीख स्थानिक मध्यरात्र म्हणून वाचते. जेसन करताना ती जागतिक वेळेत जाते, साडेपाच तास मागे सरकते आणि 31 मे संध्याकाळी 6.30 होते. केवळ तारीख हवी असेल, तर ती स्ट्रिंग म्हणूनच मागवा.

गैरसमज : टाइप टिकला म्हणजे अर्थही टिकला.
वस्तुस्थिती : गावात 1.20 एकर लिहिलं की त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. डेसिमल कॉलममध्ये 1.20 आणि 1.30 ची बेरीज 2.50 येईल, प्रत्यक्षात जमीन 3 एकर 10 गुंठे आहे. गुंठ्यांचा पूर्णांक ठेवला (60 अधिक 70 बरोबर 130), तर हिशेब बिनचूक लागतो.

म्हणून कॉलम ठरवतानाच विचारा: यावर गणित होणार आहे का? उत्तरानुसार टाइप निवडा, कोडमध्ये रूपांतर एकाच ठिकाणी करा आणि आलेली प्रत्येक व्हॅल्यू पीएचपीत ‘व्हार-डंप’ने, जावास्क्रिप्टमध्ये ‘टाइप-ऑफ’ने तपासा. पानावर आकडा बरोबर दिसतो, एवढ्यावर समाधान मानू नका. त्या आकड्यावर कुणाच्या तरी हंगामाचं बिल अवलंबून आहे.